चहाचं झाड मातीतून धातू किती उचलतं? सामू, पानाचं वय आणि तपासणीतल्या चुका

मातीपरीक्षक (धागाकर्ता)

"चहात शिसं सापडलं", "चहात अ‍ॅल्युमिनियम असतं" असे संदेश अधूनमधून फिरतात आणि चर्चा दर वेळी एकाच जागी अडकते: मळ्याची माती दूषित, म्हणून पान दूषित. चहाच्या बाबतीत हे समीकरण बऱ्याचदा चुकतं. काही धातू हे झाड स्वच्छ मातीतूनही भरभरून घेतं, आणि काही धातू माती दूषित असली तरी मुळातच अडवून ठेवतं. म्हणून "जड धातू" अशी एकच मोट न बांधता एकेका धातूबद्दल बोलूया. हा धागा त्यासाठीच आहे.

सुरुवात अ‍ॅल्युमिनियमपासून, कारण चहाचं खरं वैशिष्ट्य तेच. (अ‍ॅल्युमिनियम घनतेने जड धातू नाही, पण या विषयातून त्याला वगळता येत नाही.)

चहाला आम्लधर्मी माती लागते. सामू (म्हणजे pH: आकडा जितका कमी, तितकी माती जास्त आम्ल) ४.५ ते ५.५ हा त्याचा आवडता पट्टा. निलगिरी, मुन्नार, वालपराई इथली जांभी माती याच पट्ट्यात किंवा त्याच्याही खाली असते. सामू ५ च्या खाली गेला की मातीतल्या खनिजांत अडकलेलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून मातीच्या पाण्यात येतं. कागदावरच्या रसायनशास्त्रानुसार सामू एकाने उतरला तर मुक्त अ‍ॅल्युमिनियम हजारपट वाढायला हवं. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब त्यातलं बरंचसं धरून ठेवतो म्हणून वाढ तेवढी होत नाही, पण उडी मोठी असते. गव्हासारख्या पिकाची मुळाची टोकं एवढ्या अ‍ॅल्युमिनियमने खुंटतात. चहाची मुळं मात्र त्यात जोमाने वाढतात. अ‍ॅल्युमिनियम पूर्ण वगळलेल्या द्रावणात चहाची रोपं उलट खुरटतात.

मुळात हे अ‍ॅल्युमिनियम ऑक्झलेटशी बांधलं जातं, वर चढताना मुख्यतः सायट्रेटबरोबर जातं (दोन्ही झाडातल्या सेंद्रिय आम्लांची रूपं) आणि पानात पोचल्यावर कॅटेचिनसारख्या पॉलिफेनॉलना (चहाला तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना) चिकटून बाह्यत्वचेच्या पेशीभित्तिकांत साठतं. तिथून ते परत निघत नाही. म्हणून पान जितकं जुनं तितका साठा जास्त. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी मोजमापात जुन्या पानात किलोला ३०,००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम होतं. कोवळ्या पानात साधारण ६००. झाड एकच, माती एकच, फरक पन्नासपट. मातीचा आकडा विचारण्याआधी कोणतं पान खुडलं हे विचारायला हवं, ते यासाठी.

निलगिरीकर

धागा चांगला काढलात. मळ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

माती आम्ल होत जाण्यात झाडापेक्षा आपल्या खतांचा हात मोठा असतो. १०० किलो अमोनियम सल्फेटने जी आम्लता तयार होते, ती मारायला सुमारे ११० किलो शुद्ध चुनखडी लागते. १०० किलो युरियाला हाच हिशोब सुमारे ८० ते ८५ किलोंचा आहे. चहाला नत्र भरपूर लागतं, आणि वर्षानुवर्षं फक्त अमोनियम सल्फेट टाकलेल्या मळ्यांत सामू ४ च्याही खाली गेलेला दिसतो.

दुसरं कारण छाटणी. दर चार-पाच वर्षांनी झाड छाटलं की जुनी पानं आणि काड्या ओळींमध्येच पसरतात. ते करायलाच हवं, कारण त्यातून पालाश (पोटॅशियम) आणि सेंद्रिय पदार्थ परत मिळतात. पण जुन्या पानातलं अ‍ॅल्युमिनियम, मँगनीज आणि फ्लोराइडही त्याच वाटेने वरच्या थरात येतं. खोलवरचं उचलायचं आणि वर टाकायचं हे चक्र पन्नास-साठ वर्षं चाललं, की वरच्या नऊ इंचांची माती खालच्यापेक्षा वेगळी होऊन बसते. म्हणून नमुना दोन थरांतून वेगवेगळा घ्यावा: ० ते ९ इंच आणि ९ ते १८ इंच. दोन्ही एकत्र केले तर ही गोष्ट अहवालात दिसतच नाही.

मँगनीजबद्दल एक. ते नुसत्या सामूवर चालत नाही, पाणी साचण्यावरही चालतं. चर बुजले, माती दोन-तीन आठवडे चिंब राहिली, की ऑक्सिजनअभावी मँगनीजचं विरघळणारं रूप तयार होतं आणि पानात त्याचा आकडा चढतो. अशा वेळी चुना टाकण्याआधी चर साफ करा. तयार चहात मँगनीज किलोला ५०० ते १५०० मिलिग्रॅम असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही.

कोरा_चहा

शिशाचं काय? लोकांना भीती त्याचीच वाटते.

मातीपरीक्षक

शिशाची गोष्ट अ‍ॅल्युमिनियमच्या अगदी उलटी आहे. शिसं मातीत सेंद्रिय पदार्थाला आणि लोह-मँगनीजच्या ऑक्साइडला घट्ट चिकटतं. जे थोडं मुळापर्यंत येतं, ते मुळाच्या पेशीभित्तिकेतलं पेक्टिन धरून ठेवतं. पुढे अंतस्त्वचेवरची मेणचट पट्टी आडवी येते. शिशाची उतरंड म्हणूनच अशी लागते: बारीक मुळं सर्वांत वर, मग जाड मुळं आणि खोड, मग जुनी पानं, शेवटी कोवळी पानं. कॅडमियम, क्रोमियम आणि आर्सेनिकही बहुतांशी याच क्रमाने सापडतात.

तांबं, जस्त, निकेल यांचा क्रम वेगळा. तिन्ही झाडाला कमीजास्त लागतात (निकेल अगदी किंचित), आणि निकेलही अन्नरसाबरोबर सहज फिरतं. वाढत्या शेंड्याकडे ते ओढले जातात, त्यामुळे कोवळ्या पानात जुन्यापेक्षा जास्त. म्हणजे "कोवळं पान सुरक्षित, जुनं पान दूषित" हा सरसकट नियमही चालत नाही.

आता एक साधं गणित. मातीत एकूण शिसं किलोला ३० मिलिग्रॅम, आणि धुतलेल्या कोवळ्या पानात कोरड्या वजनावर ०.६. भागाकार ०.०२. कॅडमियम मातीत ०.२ आणि पानात ०.०६ असेल तर भागाकार ०.३. कॅडमियम मातीत कमी असूनही शिशापेक्षा पंधरापट सहजतेने वर चढतं, हे यातून दिसतं. पण हा भागाकार झाडाचा गुणधर्म समजून कुठेही लावू नका. मातीतलं प्रमाण वाढलं की पानातलं त्याच पटीत वाढत नाही, त्यामुळे भागाकार खाली येतो. दूषित मातीवरचा भागाकार "कमी" दिसला म्हणून झाड सुरक्षित ठरत नाही.

रसायनी

वर "धुतलेल्या पानात" असं लिहिलंय, तो शब्द महत्त्वाचा आहे. चहाच्या शिशात मोठा वाटा अनेकदा मातीचा नसून हवेचा असतो. पानावर बसलेली धूळ, रस्त्याकडेचा धूर, कोळशाची राख. चीनमधल्या मळ्यांवर यावर बरंच काम झालं आहे. ताजी पानं धुतल्यावर शिसं लक्षणीय घटतं, रस्त्यापासून दूर गेलं की घटतं, आणि मातीच्या एकूण शिशाशी पानाचा संबंध फारसा घट्ट लागत नाही, असं त्यात दिसलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं, पण घाटरस्त्याच्या कडेच्या मातीत ते जुनं शिसं अजून आहे, आणि तीच माती धूळ होऊन पानावर येते.

धूळ की मूळ, हे ओळखायला टायटॅनियम मोजा. मातीत ते भरपूर असतं आणि झाड ते जवळजवळ घेतच नाही. पानाच्या नमुन्यात टायटॅनियम आणि शिसं एकत्र चढत असतील तर धूळ. टायटॅनियम नगण्य आणि शिसं जास्त असेल तर मूळ, किंवा अतिसूक्ष्म धूर, किंवा पुढची प्रक्रिया.

पानाचे दोन भाग करायचे. एक न धुता सुकवायचा. दुसरा आधी नळाच्या पाण्यात, मग ०.१ टक्का सौम्य साबणाच्या द्रावणात अर्धा मिनिट, मग आयनमुक्त पाण्यात तीनदा. जास्त वेळ बुडवून ठेवू नका, पालाश आणि मँगनीज पाझरतात. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे पृष्ठभागावरचा वाटा. त्यातही थोडी धूळ लवेत अडकून राहते (कोवळ्या कळीवर लव जास्त), म्हणून धुतलेला आकडा हा "मुळातून आलेलं" याची वरची मर्यादा समजायचा.

यंत्रघर

प्रक्रियेचा उल्लेख झालाच आहे तर क्रोमियम इथेच घेतो. दक्षिण भारतातल्या सीटीसी चहात (रोलरमध्ये पान चिरडून, फाडून, वळवून केलेला दाणेदार चहा) क्रोमियमचा मोठा भाग मातीतून येत नाही. तो रोलरमधून येतो.

सीटीसीच्या रोलरची दातेरी कडी स्टेनलेस स्टीलची असतात, त्यात क्रोमियम आणि निकेल दोन्ही. दोन रोलर वेगवेगळ्या गतीने, अगदी कमी फटीत फिरतात. पान चिरडताना दाते झिजतात आणि ती झीज थेट चहात जाते. ठरावीक तास चालल्यावर दात्यांना पुन्हा धार काढतात, आणि धार काढल्याबरोबरच्या पहिल्या खेपेत बारीक चुरा सर्वांत जास्त पडतो. त्यामुळे धार काढल्यावर रोलर ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करायचे, थोडं जाडंभरडं टाकाऊ पान आधी चालवायचं आणि तो माल फेकून द्यायचा. पहिली खेप चांगल्या मालात मिसळली की पुढे ती वेगळी काढता येत नाही. फट गरजेपेक्षा कमी ठेवली, दाते एकमेकांवर नीट जुळवले नाहीत किंवा पानाचा लोंढा एकाच बाजूला पडत असेल, तर झीज झपाट्याने वाढते.

चाळणीवर लोहचुंबक असतात, पण सगळा भरवसा त्यांच्यावर नको. ३०४ जातीचं स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. चुंबक लोखंडी चुरा पकडतात, स्टेनलेसचा बराच चुरा पुढे जातो.

खात्री करायची असेल तर एकाच दिवसाच्या एकाच पानाचे दोन भाग करा. एक सीटीसीतून काढा, दुसरा ऑर्थोडॉक्स पद्धतीने (दातेरी रोलरशिवाय) वळा. माती तीच, झाड तेच. क्रोमियममधला फरक यंत्राचा.

रसायनी

@यंत्रघर, याला प्रयोगशाळेतली एक खूण जोडतो. धातूचे कण असतील तर एकाच पाकिटातल्या तीन नमुन्यांचे क्रोमियमचे आकडे जुळत नाहीत: एकात २, दुसऱ्यात ९, तिसऱ्यात ३. विश्लेषक चुकला असं समजून मधला आकडा धरला जातो. पण त्याच नमुन्यांत मँगनीज आणि जस्त नीट जुळत असतील तर विश्लेषक बरोबर आहे, नमुन्यात कण आहेत. अशा वेळी अर्ध्या ग्रॅमऐवजी जास्त वजन घ्या आणि नमुने वाढवा.

शिवाय पानं दळायला स्टीलच्या भांड्याचा मिक्सर वापरला तर क्रोमियम-निकेल आपणच घालतो. अगेट किंवा झिर्कोनियाचा खल वापरा.

निलगिरीकर

निकेल आणि तांब्याचा एक उगम कुणी लिहिला नाही. पावसाळ्यात चहावर फोडी करपा येतो, त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी जुनी आहे. दक्षिणेत एके काळी त्यात निकेल क्लोराइडही मिसळायचे. ते मागे पडलं, हेक्झाकोनाझोल, प्रोपिकोनाझोल आली, पण जुन्या विभागांच्या मातीत तांबं-निकेल साठलेलं सापडतं. पानावर तांबं जास्त आलं तर आधी फवारणीची वही पाहा आणि फवारणी ते खुडणी किती दिवस गेले ते मोजा. तांब्याचा नैसर्गिक आकडा तयार चहात साधारण १० ते ४० असतो. भारतीय नियमांतली मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम.

कोरा_चहा

मर्यादांचा विषय निघालाच आहे तर शिशाचंही लिहितो. भारतीय नियमांत चहासाठी शिशाची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम अशी चालत आली. चीनने २००५ मध्ये ती २ वरून ५ केली. या मर्यादा कोरड्या पत्तीच्या आहेत, कपातल्या चहाच्या नाहीत. गोंधळ तिथेच होतो.

पत्तीत शिसं किलोला १ मिलिग्रॅम, एका कपाला २ ग्रॅम पत्ती: म्हणजे पत्तीत २ मायक्रोग्रॅम. त्यातलं १० ते ३० टक्के पाण्यात उतरलं असं धरलं तर कपात ०.२ ते ०.६ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला १० मायक्रोग्रॅम शिसं ही मर्यादा आहे. म्हणजे त्या काठावरचं पाणी दिवसाला २ लिटर प्यायलं तर २० मायक्रोग्रॅम. चहा तपासायला पाठवणाऱ्याने आधी पाणी तपासावं, ते या हिशोबामुळे. मात्र शिशासाठी "इतकं चालेल" असा आकडा आता उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने जुना साप्ताहिक आकडा २०१० मध्ये मागे घेतला. त्यामुळे जिथे सहज कमी करता येतं तिथे कमी करायलाच हवं, विशेषतः गरोदर बायका आणि लहान मुलं चहा पीत असतील तर.

अ‍ॅल्युमिनियम: पत्तीत किलोला ८०० मिलिग्रॅम, कपाला २ ग्रॅम म्हणजे १.६ मिलिग्रॅम. २० ते ३० टक्के उतरलं तर कपात ०.३ ते ०.५. चार कप रोज धरले तर आठवड्याला जास्तीत जास्त १४ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची २००८ ची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६०. शिवाय हे अ‍ॅल्युमिनियम पॉलिफेनॉलशी बांधलेलं असतं आणि आतड्यातून रक्तात जाणारा भाग एक टक्क्याहूनही बराच कमी. मूत्रपिंड निकामी असलेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडे पत्ती उकळतात, भिजवत नाहीत. पाच-सात मिनिटं खळखळ उकळली की उतरणारं प्रमाण वरच्या टोकाकडे जातं. तीच पत्ती दुसऱ्यांदा उकळणाऱ्या टपऱ्यांवर आणखी. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात लिंबू पिळून चहा उकळत असाल तर मळ्याची माती विसरा, धातू पातेल्यातून येतोय. लिंबू गॅस बंद करून, कपात पिळा. पितळी भांड्याला कल्हई करून घेताना कथील शुद्ध आहे ना हेही पाहा, स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं.

गच्चीबाग

माचाचं (जपानी हिरव्या चहाच्या पुडीचं) काय? त्यात पत्ती फेकत नाहीत, पूड पूर्ण पोटात जाते.

कोरा_चहा

बरोबर मुद्दा. तिथे उतरण्याचं प्रमाण १०० टक्के धरायचं, वरचे १० ते ३० टक्के लावायचे नाहीत. सावलीतली कोवळी पानं वापरतात म्हणून अ‍ॅल्युमिनियम कमी असतं, पण शिशाचा अहवाल मागूनच घ्यावा. याच्या उलट टोक म्हणजे तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला पितात तो विटांचा चहा. तो जून पानं आणि काड्यांचा असतो, तासन् तास उकळतात, आणि त्यातल्या फ्लोराइडमुळे तिथे दात आणि हाडांचा फ्लोरोसिस झालेला आहे. चीनने अशा चहासाठी फ्लोराइडची वेगळी मर्यादा ठेवली, किलोला ३०० मिलिग्रॅम. फ्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम झाडात जोडीने फिरतात, त्यामुळे जून पानात दोन्ही एकत्र वाढतात.

निलगिरीकर

म्हणूनच खुडणी लांबली की माल बिघडतो. दोन पानं आणि कळी वेळेवर खुडली तर अ‍ॅल्युमिनियम-फ्लोराइड आपोआप खाली राहतं. मजूर कमी पडले, फेरी आठवड्याऐवजी तीन आठवड्यांवर गेली, कात्रीने चौथं-पाचवं पान आणि काडी आली, की तोच मळा वेगळे आकडे दाखवतो. मातीत काहीही बदललेलं नसतं.

मातीपरीक्षक

आता माती तपासणीकडे येतो, कारण सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो.

नमुना खताच्या हप्त्याआधी घ्या. एका विभागातून २० ते २५ ठिकाणं, दोन झाडांच्या मधली जागा, खताचा पट्टा आणि रस्त्याकडेच्या पहिल्या दोन ओळी टाळून. (रस्त्याकडेचा नमुना हवाच असेल तर तो वेगळा पाठवा.) गंजकं फावडं किंवा जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, स्टेनलेस किंवा प्लॅस्टिक वापरा. ढीग करून चौथाई पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा तेच) अर्धा किलोवर आणा, सावलीत सुकवा, २ मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीने चाळा. पितळी चाळणीने तांबं-जस्त मिसळतं.

सामू कशात मोजला ते अहवालात लिहून घ्या. १ भाग माती, अडीच भाग पाणी हा नेहमीचा प्रकार. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मोजला तर आकडा साधारण अर्ध्याने कमी येतो. पाण्यातला ४.८ आणि क्लोराइडमधला ४.३ ही एकच माती असू शकते.

"उपलब्ध धातू" हा रकाना तर नीट वाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रयोगशाळा सवयीने डीटीपीए (मातीतले धातू पकडून बाहेर आणणारं रसायन) द्रावण वापरतात: १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवणं. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींसाठी ते उत्तम आहे. पण ते द्रावण सामू ७.३ वर बांधलेलं असतं. चहाची ४.५ ची माती त्यात टाकली की मोजणी चालू असतानाच मातीचा सामू वर जातो आणि मुळाला प्रत्यक्षात जे मिळतं त्याचं चित्र बिघडतं. आम्ल मातीसाठी ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइड (५ ग्रॅम मातीला ५० मिलिलिटर, दोन तास) मागा. अ‍ॅल्युमिनियमसाठी १ मोलर पोटॅशियम क्लोराइड. "एकूण" धातूसाठी अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण). तिन्ही आकडे एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत, तिघांची प्रश्नपत्रिकाच वेगळी आहे.

रसायनी

पानासाठीची पद्धत मी टाकतो.

७० अंशांवर सुकवलेली ०.५ ग्रॅम पूड, ७ मिलिलिटर अतिशुद्ध (धातू मोजणीसाठीचं) नायट्रिक आम्ल, १ मिलिलिटर हायड्रोजन पेरॉक्साइड. झाकण लावण्याआधी १५ मिनिटं उघडं ठेवा. चहातले पॉलिफेनॉल एकदम फसफसतात, लगेच झाकलं तर मायक्रोवेव्हच्या भांड्यात दाब अचानक चढतो. मग २० मिनिटांत २०० अंश, तिथे १५ ते २० मिनिटं, पूर्ण थंड झाल्यावर उघडून शुद्ध पाण्याने ५० मिलिलिटर करा.

इथे शंभरपट पातळ झालं. म्हणजे पत्तीत किलोला ०.०१ मिलिग्रॅम शिसं मोजायचं तर यंत्राला लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम दिसलं पाहिजे. साध्या ज्वाला-शोषण यंत्राला ते दिसत नाही. "शिसं आढळलं नाही" असा अहवाल आला तर पहिला प्रश्न: मोजण्याची खालची मर्यादा किती? ती किलोला ५ मिलिग्रॅम असेल तर त्या "आढळलं नाही"ला काही अर्थ नाही. ग्राफाइट भट्टी किंवा आयसीपी-एमएस (अणूंचं वस्तुमान ओळखून मोजणारं यंत्र) लागतं.

आयसीपी-एमएसमध्ये आर्सेनिकला हीलियमचा कक्ष (खोटे संकेत गाळणारा) चालू ठेवा, नाहीतर आर्गॉन आणि क्लोरीन जोडीने ७५ वस्तुमानावर येऊन खोटं आर्सेनिक दाखवतात. शिशासाठी २०६, २०७, २०८ तिन्हींची बेरीज घ्या, कारण या समस्थानिकांचं (एकाच धातूच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचं) प्रमाण उगमानुसार बदलतं. प्रत्येक फेरीत कोरे नमुने (पूड न घालता फक्त आम्लाचे) दोन-तीन, आणि प्रमाणित (धातूंचे आकडे आधीच ठाऊक असलेली) चहाची पूड एक. चीनची जीबीडब्ल्यू १००१६ किंवा पोलंडची आयएनसीटी-टीएल-१ अशा खास चहाच्या पुडी मिळतात. भाताच्या किंवा पालकाच्या प्रमाणित पुडीवर चहाचं अ‍ॅल्युमिनियम पारखू नका.

गच्चीबाग

पुण्या-नाशकात कुंडीत चहाचं रोप लावणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं. बोअरचं जड पाणी महिनोन् महिने घातलं की कुंडीतला सामू ७ च्या वर जातो आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. लोह मातीत असतं, पण रोपाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) घालून तात्पुरतं हिरवं होतं, महिन्याभरात पुन्हा तेच. पावसाचं पाणी साठवून तेच द्या. काळी माती असेल तर चमचाभर मातीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात मोकळा चुना आहे, गंधक घालून ती आम्ल करण्याचा नाद सोडा आणि कोकणातली जांभी माती, कोकोपीट, पानांचं खत असं नवं मिश्रण करा.

आणि सामू मुद्दाम ५ वर आणणार असाल तर माती कुठली आहे हे आधी पाहा. जुन्या भिंतीचा रंग खरवडलेली, गॅरेजजवळची माती नको. ७.५ ला जे शिसं-कॅडमियम गप्प बसलेलं असतं, त्यातलं विशेषतः कॅडमियम ५ ला मोकळं होतं.

मातीपरीक्षक

@गच्चीबाग, मळ्यांसाठी नेमका याच्या उलट उपाय. सामू ४.५ च्या खाली असेल तर डोलोमाइट. त्यातून मॅग्नेशियमही मिळतं. प्रमाण मातीच्या पोतावर आणि सेंद्रिय कर्बावर ठरतं, जांभ्या मातीत सहसा हेक्टरी १ ते २ टनांच्या घरात. एकदम चार टन ओतू नका. ५.५ च्या वर गेलं की चहालाच त्रास: जस्त, मँगनीज मिळत नाही, वाढ खुंटते. दळण बारीक हवं, १०० मेशमधून जाणारं. जाडी भरड वर्षभर तशीच पडून राहते. छाटणीच्या वेळी टाका, हलकं खुरपून वरच्या थरात मिसळा, ओल हवी. अमोनियम सल्फेटबरोबर टाकलं तर नत्र अमोनिया होऊन उडून जातं, मध्ये पुरेसं अंतर आणि एखादा चांगला पाऊस जाऊ द्या. वर टाकलेलं डोलोमाइट खाली फार हळू उतरतं, म्हणून दुसरी तपासणी वर्ष-दीड वर्षाने, दोन्ही थरांची.

कॅडमियम, मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम यांना चुन्याने लगाम बसतो. आर्सेनिकला नाही. आम्ल मातीत आर्सेनेट लोह-अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडला घट्ट चिकटलेलं असतं, सामू वाढवला की थोडं सुटतं. जिथे आर्सेनिकचा प्रश्न आहे तिथे चुना टाकण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजा.

निलगिरीकर

बाहेरून येणाऱ्या मालाचीही यादी करा. रॉक फॉस्फेटमध्ये कॅडमियम खाणीनुसार कमीजास्त असतं, खेपेगणिक अहवाल मागा. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, किलोला मिलिग्रॅममध्ये: कॅडमियम ५, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १०, पारा ०.१५. या मर्यादेत बसणारं कंपोस्टही हेक्टरी १० टन टाकलं, तर शिसं काठावर असेल तर एका वेळी १ किलो शिसं मळ्यात गेलं. वरच्या नऊ इंचांची माती हेक्टरी साधारण २५ ते ३० लाख किलो धरा, म्हणजे किलोला ०.३ ते ०.४ मिलिग्रॅमची भर. एका वर्षात काहीच वाटत नाही. पण शिसं मातीतून कुठे जात नाही, आणि चहाचं झाड पन्नास वर्षांहून जास्त त्याच जागी उभं असतं. कोंबडीखतातलं तांबं-जस्तही असंच मोजून ठेवा.

यंत्रघर

छोट्या उत्पादकाला सगळं परवडत नाही. दोनच तपासण्या करायच्या असतील तर कोणत्या?

मातीपरीक्षक

पहिली, मातीचा सामू, दोन थरांत, प्रत्येक विभागाचा. ती स्वस्त आहे आणि अ‍ॅल्युमिनियम, मँगनीज, कॅडमियम तिन्हींची दिशा दाखवते. दुसरी, त्याच विभागाच्या खुडलेल्या पानाची, धुतलेली आणि न धुतलेली जोडी, शिसं, कॅडमियम आणि टायटॅनियमसाठी. मातीचे एकूण धातू सगळ्यात शेवटी, आणि जवळपास खाण, कारखाना, जुना रस्ता किंवा कंपोस्टचा इतिहास असेल तरच.

रसायनी

आणि तयार चहाचं एक पाकीट त्याच खेपेचं राखून ठेवा. पानात क्रोमियम नाही, पाकिटात आहे, असं निघालं तर मातीवर आणखी खर्च करायची गरज नाही, थेट यंत्रघराशी बोलायचं. तुलना करताना दोन्ही आकडे कोरड्या वजनावर आणा: ताज्या पानात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं, आणि साधारण साडेचार किलो पानाचा एक किलो चहा होतो. ओल्या वजनाचा आकडा तसाच शेजारी ठेवला तर कारखान्याने धातू चारपट वाढवला असं खोटंच दिसेल.